अर्ध्या वाटेवरचं घर

आमचं घर सध्या बटाट्याच्या शेतात उभं आहे. ना किनाऱ्यावर, ना रस्त्याला. बसमधून जाणारे लोक खिडकीतून बघतात आणि हसतात. हसू देत. ते तिथे का अडकलं, ते मी सांगते, कारण गाव जे सांगतं त्यात मी वेडी ठरते.

घर रस्त्याला न्यायचं हे आमच्या लेकीच्या, यास्नाच्या डोक्यातलं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ओहोटीला शिंपले वेचत आले, माझा नवरा बेलार्मिनो होडीतून काढायचा, आणि त्यावर तिघांचं बरं चालायचं. पण समुद्रात विषारी शेवाळ व्हायला लागलं. त्याचं विष शिंपल्यांत उतरतं, म्हणून सरकार शिंपल्यांवर बंदी घालायचं, उठवायचं, पुन्हा घालायचं. शेवटी यास्ना म्हणाली, "आई, घरच वर रस्त्याला नेऊ. मी पाव भाजून विकीन. समुद्राची मर्जी कुठवर सांभाळायची?" पोरीचं काय चुकलं होतं?

आमच्या चिलोए बेटावर घरं लाकडी, आणि घर हलवायचं म्हणजे मिंगा बोलवायची. गाव येतं, घराखाली ओंडके सरकवतं, बैल जुंपतं आणि घर ओढून नेतं. मजुरी कुणी घेत नाही. घरधन्याने पोटभर जेवायला घालायचं, एवढंच. आणि ते जेवण म्हणजे कुरांतो. खड्ड्यात तापवलेले दगड, त्यांवर शिंपले, त्यावर डुकराचं मांस, बटाटे, सगळ्यावर मोठाली पानं आणि माती. शिंपल्यांवाचून कुरांतो घालणाऱ्याला लोक जन्मभर नावं ठेवतात.

त्या वर्षी प्रयोगशाळेतली एक पोरगी आमच्या किनाऱ्यावर बाटल्यांत पाणी भरून न्यायला यायची. थंडीने काकडलेली असायची, म्हणून मी तिला चहा द्यायचे. एकदा तिला विचारलं, "अगं, हे शेवाळ आधी असं नव्हतं. आत्ताच काय झालं?"

"समुद्र तापलाय, मावशी. आणि जगभरचा धूर पिऊन आंबतही चाललाय. आपल्या जिभेला नाही कळणार, पण शिंपल्यांना कळतं, त्यांची कवचं पातळ होतात. या शेवाळाला मात्र असं पाणी मानवतं. जास्त दिवस राहतं, कधी कधी विषही जास्त धरतं."

"पण असं शेवाळ आलं की पाणी लाल होतं म्हणतात, इथे तर दिसत नाही."

"लाल दिसायलाच हवं असं नाही. आणि शिजवलं म्हणून विष जात नाही, हे लक्षात ठेवा."

कवचांचं मला लगेच पटलं. अलीकडे सुरीचं टोक जरा जोरात लागलं की शिंपला हातातच फुटायचा. मी हे बेलार्मिनोला सांगितलं, तर म्हणतो, "त्या पोरीने आयुष्यात एक तरी शिंपला उघडलाय का?" त्याचं हे नेहमीचं. ज्याने हात ओले केले नाहीत त्याचं ऐकायचं नाही.

मिंगाच्या दिवशी तो पहाटेच बाहेर पडला. बंदरावरच्या बाजारातून तपासलेले शिंपले आणायचे असं ठरलं होतं. मी शेजारच्या नोल्फाच्या चुलीवर बटाट्याच्या वड्या करत होते. परत आले तोवर खड्ड्यावर माती पडली होती, वाफ सुटली होती, आणि आमचं घर बैलांच्या मागे करकरत शेताच्या मध्यावर पोहोचलं होतं. यास्ना दारात उभी राहून सगळ्यांना हात करत होती. तिला इतकं खुशीत मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

खड्ड्याशेजारी बादलीत थोडे शिंपले उरले होते. मी एक उघडला, लिंबू पिळलं आणि सवयीने तोंडात टाकला. थोडा वेळ गेला आणि ओठाच्या टोकाला मुंग्या आल्या. मग जिभेला. बादलीतलं दुसरं कवच मी बोटांनी दाबलं, ते मोडलं.

बेलार्मिनोला बाजूला घेतलं. "कुठले आणलेस?"

"बाजारातले."

"बेलार्मिनो."

"मागच्या खाडीतले. बाजारात मिळालेच नाहीत. तिथे कधी कुणाला काही झालंय का? पाणी बघ जाऊन, तळ दिसतो."

"माझे ओठ बधिर झालेत."

"मिरची खाल्ली असशील."

मग मी सगळ्यांसमोरच बोलले. बैलांचे मालक लादिस्लाओकाका कपाळ पुसत म्हणाले, "सूनबाई, आम्ही सोबत पांढरी वाइन घेऊ. विष बिचारं बुडून मरेल." सगळे हसले. नोल्फा म्हणाली, "लिंबू जरा जास्त पिळ गं, म्हणजे झालं." सकाळपासून घर ओढून दमलेली माणसं ती. भुकेल्याला विषाचं काय सांगणार? कुणीतरी फावडं घेतलं, माती बाजूला झाली, पानं उचलली गेली. नोल्फाची नातवंडं ताटल्या घेऊन पुढे झाली.

मला भीती वाटली, दुसरं काही नाही. मी छपरीत गेले, दिव्याच्या रॉकेलचा डबा उचलला आणि सगळाच्या सगळा त्या खड्ड्यात ओतला. मांसावर, बटाट्यांवर, शिंपल्यांवर. तो वास अजून माझ्या नाकातून जात नाही.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. लादिस्लाओकाकांनी बैल सोडले आणि जाताना म्हणाले, "घालायचं नव्हतं तर बोलवायचं नाही, सूनबाई." नोल्फा म्हणाली, "जेवायला बोलावून तोंडाला पानं पुसलीस." बेलार्मिनो दोर गुंडाळत राहिला. घर जिथे होतं तिथेच राहिलं.

यास्नाने दुसऱ्या मिंगासाठी दारोदार विनवण्या केल्या. कुणाचे बैल आजारी, कुणाचा खांदा दुखतोय. आठवडाभराने ती पोर्तो मोंत शहरात मासे साफ करायच्या कामावर निघून गेली. जाताना मला म्हणाली, "आई, तू खरं बोलत असशीलही. पण माझं दुकान गेलं."

पुढे मागच्या खाडीचं पाणी तपासलं गेलं आणि तिथे बंदीची पाटी लागली. मला वाटलं, आता येतील. पाटी सगळ्यांनी वाचली, पण आलं कुणी नाही. चर्चबाहेर लादिस्लाओकाका माझ्याशी बैलाच्या खुराबद्दल बोलले, पाटीबद्दल नाही. आपलं चुकलं असं एकट्याने म्हणणं जड जातं, अख्ख्या गावाला तर जमतच नाही. मग पाऊस लागला आणि ओंडके चिखलात रुतले.

बेलार्मिनो त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. मी ते सोसलं. मनाशी म्हणायचे, हट्टी आहे, अडाणी आहे, पण त्याला कळलंच नव्हतं. कळलं असतं तर त्याने असं केलं नसतं. तेवढ्या एका गोष्टीवर मी तो पावसाळा काढला.

एका संध्याकाळी त्याने बटाट्याचं सूप केलं. आम्ही घराच्या कलत्या जमिनीवर टेबलाला टेकून बसलो होतो. तो मध्येच म्हणाला, "आधी ओठाच्या टोकालाच मुंग्या येतात, नाही?"

टोकाचं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. "तुला काय ठाऊक?"

"मीही दोन खाल्ले होते. होडीतच."

"कधी?"

"खड्ड्यात घालायच्या आधी." तो वाडग्यात बघत होता. "वाटलं, थंडीने असेल. पण माणसं यायला लागली होती, एर्मिंदा. बैल जुंपले होते. रिकामा खड्डा दाखवायचा होता का मी लोकांना?"

"यास्नाही त्यातलंच जेवणार होती," मी म्हटलं.

त्याने सुपाचं वाडगं माझ्याकडे सरकवलं. मी त्याला हात लावला नाही. त्या दिवसापासून मी माझं वेगळं शिजवते. चूल एकच आहे, भांडं वेगळं.