नऊ वर्षं न उघडलेली पेटी

मित्रांनो, माझ्या पोटात तीनशे चौऱ्याण्णव माणसांची मते नऊ वर्षे अडकून पडली होती. मी पत्र्याची एक जुनी मतपेटी आहे.

आमचा चिमुकला देश नुकताच स्वतंत्र झाला, तेव्हा एका ट्रंकवाल्याने मला घडवले. झाकणाला चीर पाडताना तो बायकोला म्हणाला, "आजवर लोकांचे कपडे मावतील अशा पेट्या केल्या. हिच्यात राज्य मावायचंय."

शाळेतल्या बाई आमच्या मतदान केंद्राच्या प्रमुख होत्या. मला सायकलला बांधून त्या चार महिने वस्त्यावस्त्यांतून हिंडल्या. शिक्का कुठे मारायचा, घडी कशी घालायची, हे शिकवत. एका धोबिणीने विचारले, "मालक सांगतील तिथंच मारायचा ना?"

"मालकांना मत एकच आहे," बाई म्हणाल्या, "आणि तुम्हालाही एक."

मतदानाला धोबीण सगळ्यांच्या आधी येऊन उभी राहिली. संध्याकाळी बाईंनी मला लाखेचे सील लावले. पण मोजणीच्या सकाळी लष्कराच्या सेनापतीने सत्ता बळकावली, रेडिओवरून राज्यघटना गुंडाळल्याचे सांगितले आणि मोजणी थांबवली. मला कचेरीच्या तळघरात, लोखंडी कपाटात कोंडले.

मग नुसता काळोख. काही दिवसांनी माझ्या आत कसर लागली. ती कागद कुरतडत होती आणि मी निमूटपणे ऐकत होते. दुसरे काय करणार?

मतदान केंद्राच्या प्रमुखाच्या सहीवाचून पेटी नष्ट करता येत नाही, हे एक कलम तेवढे खोडायचे राहून गेले होते. म्हणून दरवर्षी एक अधिकारी बाईंना कपाटापाशी आणी.

"पेटी रिकामी होती, एवढं लिहून द्या आणि सुटा."

"रिकामी नव्हती."

तिसऱ्या वर्षी त्यांची नोकरी गेली. पाचव्या वर्षी त्यांचे यजमानही सोबत आले. "अगं, कर ना सही," ते हळूच म्हणाले. "कागदच तर आहेत. आपल्या घराची पार दैना झालीय." बाईंनी लेखणी उचलली. मला वाटले, संपले सारे.  पण ती खाली ठेवून त्या म्हणाल्या, "चला घरी."

नवव्या वर्षी ती राजवट कोसळली. नवे न्यायाधीश म्हणाले, "बाई, दुसरी निवडणूक जाहीर झालीय. ही मतं मोजून आता उपयोग काय?"

"उपयोग काही नाही, साहेब. पण मोजायची राहिलीत."

सील फुटले. एकशे बारा चिठ्ठ्यांची चाळण झाली होती. उरलेल्या दोनशे ब्याऐंशी बाईंनी एकेक करून मोठ्याने वाचल्या. दारात उभ्या असलेल्या धोबिणीने विचारले, "बाई, माझी वाचली का हो?"

चिठ्ठीवर नाव नसते. तिची वाचलेल्यांत होती की चाळण झालेल्यांत, कळायला मार्ग नव्हता.

मित्रांनो, माझा गंज घासू नका, मला रंगही देऊ नका. फक्त मत टाकून लगेच घरी जात जाऊ नका. मोजणी होईपर्यंत पेटीपाशी कुणीतरी थांबा. आतून हाक मारणे मला जमत नाही.