मागच्या सीटचा खळगा

गाडीच्या बोनेटवर मांजर झोपलं होतं, आणि जाईबाईला पहिला संशय मांजरामुळेच आला.

मार्गशीर्षातली सकाळ. परळीत बजरंगच्या घरामागच्या अंगणात अजून ऊन उतरलं नव्हतं. समोरच्या भिंतीवर छान ऊन पडलेलं सोडून हे मांजर थंडगार पत्र्यावर कशाला मरायला झोपेल? जाईबाईने नवऱ्याकडे बघितलं. कचरू टायरांना प्रेमाने लाथा घालण्यात गुंग होता. तिने मांजराला बाजूला सारलं आणि तव्याची धग बघावी तसा बोनेटवर तळहात धरला. कोमट.

"भाऊ, गाडी आत्ताच फिरवून आणली का?"

"न्हाई ताई," बजरंग म्हणाला. "चार दिवस झालं, जागची हालली न्हाई."

खोटं, जाईबाई मनात म्हणाली. गार गाडी उठत नसली की मालक गिऱ्हाईक यायच्या आधीच ती तापवून ठेवतात, हे तिला कचरूनेच सांगितलं होतं. शिळ्या भाजीला फोडणी देऊन वाढायचं, त्यातलाच प्रकार. खानावळवाल्या बाईला ते का कळणार नाही?

अंबाजोगाईत तिची खानावळ होती. सोमवारपासून गावाबाहेरच्या मुलींच्या होस्टेलचे डबे तिच्याकडे येणार होते. नाश्ता सातला पोचला पाहिजे. एक दिवस चुकला तर दुसरी बाई दारात टपलेलीच. नेहमीचा रिक्षावाला सणावाराला हटकून आजारी पडायचा. म्हणून ही गाडी. कचरूने जन्मभर दुसऱ्यांचे टेम्पो चालवले होते, तो चालवणार होता. गाडी जुनी असू दे, पण पहाटे हाक मारली की उठली पाहिजे. मागे कचरूच्या भरवशावर घेतलेला जुना फ्रीज आता तिच्या घरात कपाट म्हणून उभा होता. त्यात ती पापड ठेवायची.

तिने गाडी तांदूळ निवडावेत तशी बघितली. मीटरवर किलोमीटर अगदीच कमी. ड्रायव्हरची सीट कोरी. पायाखालच्या पेडलचं रबरसुद्धा झिजलेलं नाही. मग तिने मागचं दार उघडलं. डाव्या बाजूची सीट खोल बसलेली, तिच्यावर घडी घातलेली गोधडी, आणि आत ओव्याचा नि बामचा वास.

"वडाप केलंय ह्यानं," ती कचरूच्या कानाशी लागली. "माणसं कोंबून नेलीत. मीटर मागं फिरवलाय."

"वडापाच्या गाडीच्या समद्या सीटा बसत्यात. ही एकच बसलीय."

"मग एकच माणूस न्यायचा. जाड."

"जाई, तू गाडी बघायलीस का चोर धरायलीस?"

"दोनी."

तेवढ्यात बजरंग जवळ आला. "जरा हळू बोला. आई आत हाय." त्याने खिडकीकडे बघितलं. पडदा हलला, आतून कोरडा खोकला आला. त्याची बायको रूपाली चहा घेऊन आली, तीही कुजबुजतच म्हणाली, "इकायचं नाव मोठ्यानं काढू नका." मालकच चोरासारखे बोलायला लागल्यावर गिऱ्हाइकाने काय समजायचं?

"कावून विकायले?" जाईबाईने विचारलं.

"वापर न्हाई आता."

वापर नाही, आणि सीट खोल. जाईबाईने चहा बशीत ओतून सावकाश संपवला. "उद्या दहाला येतो. तवर किल्ली लावू नका."

"बरं," बजरंग म्हणाला. पण म्हणायच्या आधी तो जरा थांबला, आणि ते थांबणं जाईबाईने पदराला गाठ मारून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी डबे जावेवर सोपवून ती पहिल्याच बसने निघाली. कचरू वाटभर कुरकुरत होता. "दहाचं सांगून सातला जायचं, बरं दिसतंय का?"

"डबा सातला पोचवायचाय ना? मग गाडीबी सातलाच बघायची."

अंगणात गाडी उभी होती. चालू. काचा बंद. बोनेटवर मांजर. जाईबाई तरातरा गेली आणि तिने मागचं दार उघडलं.

आत एक म्हातारी गोधडीवर मांडी घालून बसली होती. कानाला मफलर, हातात चहाचा कप. बजरंगची आई, केशरबाई.

"दार लाव आधी. राख आत येती," ती म्हणाली. "बसायचं तर बस."

जाईबाई मुकाट्याने बसली.

"कालची तूच न्हवं? बोनेटवर हात ठिवून उबी व्हतीस, पोराचा ताप बघितल्यावानी."

"तुमाला म्हाईत हाय, गाडी विकायलेत ते?"

"ह्या घरात कुजबुज झाली की समजायचं, माझंच काहीतरी चाललंय."

केशरबाईला दमा होता. परळीच्या वीजकेंद्राची हवेत उडणारी राख तिला सोसत नव्हती. चार वर्षं रोज सकाळी बजरंग गाडी चालू करून, काचा लावून, आतली हवा फिरती ठेवून द्यायचा आणि ती आत बसायची. काल पाहुणे यायच्या आधी त्याने तिला घाईने घरात नेलं होतं, एवढंच. गाडी खरंच जागची हलली नव्हती. आता त्याने घरात हवा साफ करायचं यंत्र आणलं होतं.

"चांगलं हाय यंत्र," केशरबाई म्हणाली. "पण त्यात बसता येत न्हाई."

दात घासत बजरंग बाहेर आला, आणि दोघींना एका सीटवर बघून ब्रश तोंडात धरून उभा राहिला.

"मावशी, खरं सांगा," जाईबाई म्हणाली. "सकाळी पहिल्या किल्लीला चालू होती का?"

"छ्या. तिसऱ्या. लई थंडी असली तर चवथ्या. माझ्यावानीच हाय, खोकल्याबिगर उठत न्हाई."

बजरंगने तोंडातला फेस गिळला.

कचरूने बोनेट उघडून आत कान दिला. "उभ्या उभ्या इंजनानं काजळी धरलीय. लांब पळवली तर सुटंल. पळवून, गार करून, मग किल्ली लावायची. तवा कळंल."

"मग दिंद्रुडला चला," केशरबाई आतूनच म्हणाली. "माझा भाऊ हाय तिथं."

"आई, तू उतर. आमी आणतो फिरवून."

"मी कावून उतरू? चार वर्षं बसलेय, आता कुठं निघाली गाडी."

निघाले. कचरू चालवायला, शेजारी बजरंग, मागे दोघी. सिरसाळा गेलं, ज्वारीची हिरवी रानं लागली. केशरबाई काचेला नाक लावून कुणाचा हरभरा बरा आहे ते सांगत होती. जाईबाई गाडीचा एकेक आवाज ऐकत होती. आई-पोराने मिळून तर डाव मांडला नसेल? म्हातारीचा खोकला खरा की ठरवलेला, तेही तिने एकदा कान देऊन तपासलं. खरा होता.

दिंद्रुडला भावाच्या दारात लिंबाच्या सावलीला गाडी लावली आणि जाईबाईने किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली. जेवणं झाली. बहीणभावाच्या गप्पांना अंत नव्हता. जाईबाई मधून मधून उठून बोनेटवर हात ठेवून यायची. घरच्यांना वाटलं, ही बाई गाडीवर मंत्र टाकायली काय.

उन्हं कलली तेव्हा पत्रा गार लागला. कचरूने किल्ली फिरवली. घर्र झालं आणि गाडी गप्प. जाईबाईला रिकाम्या ताटल्या घेऊन उभ्या असलेल्या होस्टेलच्या मुली दिसल्या. बजरंग लिंबाच्या शेंड्याकडे बघत होता. दुसऱ्या किल्लीला गाडी एकदा खोकली आणि चालू झाली.

"रोज पळवली तर पहिलीला उठंल," कचरू म्हणाला.

"आन् न्हाई उठली तर?"

"चार वर्षांची काजळी एका दिवसात जात नसती, जाई."

हे मात्र तिला पटलं. ती स्वतः चारला उठायची. स्वयंपाक होईस्तोवर गाडीला खोकत बसवता आलं असतं.

परत येताना अंधारून आलं. केशरबाई आपल्या जागी झोपली होती. रस्त्यावरच्या दर गतिरोधकाला जाईबाई वीतभर उडायची. म्हातारी मात्र खळग्यात जराही हलत नव्हती. जाईबाईने गोधडीचं टोक तिच्या अंगावर ओढलं आणि मग त्या खळग्याकडे नीट बघितलं. वरणाचं मोठं पातेलं ह्यात असं बसेल की होस्टेलपर्यंत थेंब सांडणार नाही.

"मग ताई, काय ठरवलं? किमतीचं बोलायचं का?" बजरंगने पुढून विचारलं.

जाईबाईने खिडकीबाहेर बघितलं.

"बघू," ती म्हणाली. "मागची सीट लई बसलीय."