भरल्या टाकीचा चार्ज

सोनधरी हे गाव इंजिनाच्या तहानेवर वसलं, असं म्हटलं तर खोटं नाही. एकाहत्तरला हरिदास पंपवाला म्हणून तिथं आला, तेव्हा रेल्वेची टाकी, विहीर आणि बाभळी एवढंच होतं. वाफेचं इंजिन पाणी घ्यायला वीस मिनिटं थांबे. तेवढ्यात माणसांना भूक लागायचीच. तानाबाईनं आलुबोंड्यांची कढई मांडली, मग न्हावी आला, शिंपी आला, सायकलवाला आला. पाच-सहा वर्षांत चाळीस घरं झाली, सोमवारचा बाजार भरू लागला. सगळं त्या वीस मिनिटांच्या जिवावर.

मग डिझेलचं इंजिन आलं. त्याला पाणी नको. गाडी एक मिनिट थांबायची, तीही उपकार केल्यासारखी. बोंडा गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत गाडी सुटलेली. एकेकानं बिऱ्हाड उचललं. हरिदास मात्र रोज टाकी काठोकाठ भरत राहिला, कारण भरू नको असं कोणी सांगितलं नव्हतं आणि पगार वेळेवर येत होता. आपण पाणी चढवतो ते कोणासाठी, हे त्याला कळेना. विचारायचं कोणाला, तेही कळेना.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत कागद आला. टाकी बंद. आठ दिवसांत चार्ज देऊन, सहीचा कागद घेऊन वर्ध्याला हजर व्हा, नाही तर नोकरी गेली समजा. चार्ज द्यायचा कोणाला, तेवढं लिहायचं राहून गेलं होतं. गार्ड प्रभाकररावांना विचारलं, तर ते म्हणाले, येईल कोणीतरी. चार्ज द्यायचा तो भरल्या टाकीचाच, ही हरिदासच्या उस्तादाची शिकवण. म्हणून तो रोज सकाळी टाकी भरून, खाकी कोट चढवून फलाटावर उभा राही. गाडीतून कोणी उतरत नसे. संध्याकाळपर्यंत उरलीसुरली घरं ते पाणी भरून नेत, की सकाळी पुन्हा पंप. बंद झालेली टाकी भरावी की रिकामी ठेवावी? बिचाऱ्याचं डोकं चालेनासं झालं.

आठव्या दिवशी तानाबाईला त्याची दया आली.

“हरिदासभाऊ, मले देऊन टाक ना चार्ज. पानी त मीच वापरून राह्यली.”

हे नियमात बसतं की नाही, त्याला समजेना. पण बसत नाही असंही कुठं लिहिलेलं नव्हतं. त्यानं चार्जचा कागद लिहून मोठ्यानं वाचून दाखवला: टाकी एक, भरलेली, पंप एक, किल्ल्या दोन. तानाबाईनं अंगठा उठवला. हरिदासला हायसं वाटलं आणि लगेच रडूही आलं. पेटी घेऊन तो गाडीत चढला.

तानाबाई किल्ल्या घेऊन खिडकीखाली उभी होती. होळी झाली की तीही बोरगाव मेघेला लेकीकडे राहायला जाणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. गाडी हलली तशी ती चार पावलं बरोबर चालली.

“भाऊ, अन मी जाईन तवा कोनाले देऊ?”

हरिदासनं घाईघाईनं खिशातला हुकमाचा कागद काढला, उलटसुलट करून पाहिला. वर बघितलं तेव्हा फलाट संपला होता.