सहाव्या वर्षी खुरपणार कोण?

आमच्या टेकडीवर सरकारची केळीची बाग आहे. ते तिला संशोधन केंद्र म्हणतात. म्हणोत बापडे. मला दिसतं ते असं: तारेचं कुंपण, आत देशातल्या एकेका जातीचा एकेक बुंधा, आणि बुंध्याबुंध्यात गुडघाभर तण.

केळीला पेरायला बी नसतं. बुंध्याशी फुटलेला मुनवा काढायचा, लावायचा, तो वाढला की त्याचा मुनवा. हात थांबला की जात संपली, आणि एकदा संपली की पैसे टाकून बाजारात मिळत नाही. म्हणून ही बाग. दारात एक मोठी इमारतही आहे, कुठल्याशा परदेशी पैशातून बांधलेली. तिच्यातलं रोपं जपायचं थंड कपाट तिसऱ्या वर्षी बंद पडलं, मजुरांचे पगार चौथ्या वर्षी. भिंतीवरची संगमरवरी पाटी मात्र अजून झकास पुसलेली असते.

कुंपणाच्या अलीकडे माझी बाग. बस थांबते तिथे एसेझा नाम्पीमाची बाग कुठली म्हणून विचारा, शेंबडं पोरही बोट दाखवील. आमच्यात बाई कशी आहे ते तिच्या केळीखालची जमीन सांगते. माझ्या खोडाला वाळकं पान लोंबताना कुणी दाखवावं, मी त्याला कोंबडी कापून घालीन. आजवर एकही कोंबडी गेलेली नाही.

तर त्या दिवशी दोघे आले. एक आमचा डॉक्टर लुयोम्ब्या, केंद्राचा मुख्य. माणूस भला, पण नशिबाने फाटका. मजूर उरले नाहीत तेव्हापासून शनिवारी स्वतः कुदळ घेऊन तण काढतो, त्याच्या हाताखालच्या दोन शिकलेल्या मुलीही काढतात. दुसरा राजधानीतून आलेला साहेब, कटारीकावे नावाचा, पश्चिमेकडचा. बूट असे चकचकीत की माझा कोंबडा त्यात स्वतःला बघून भांडायला उठला. सुनेने, लोसिराने, गुडघे टेकून दोघांना नमस्कार केला, चघळायला कॉफीचे दाणे पुढे ठेवले. ते खुर्च्यांवर, मी चटईवर.

"न्याबो," लुयोम्ब्या मला अदबीने म्हणाला, "केळीची मर दलदलीच्या पलीकडे आली आहे."

मर रोगाचं मी ऐकून होते. पानं उकळतं पाणी ओतल्यासारखी लोळतात, घड कोवळेपणीच पिवळा पडतो, खोड कापलं की पू यावा तसा चीक येतो. औषध नाही. माशी एका केळफुलावरून उठते, दुसऱ्यावर बसते, आणि एका खोडाचा चीक दुसऱ्याला नेणारा कोयता तर माशीहून वाईट.

साहेबाने घसा साफ केला. "म्हणून कुंपणाभोवती मोकळा पट्टा हवा. साधारण हाकेच्या अंतरापर्यंत एकही केळ राहता कामा नये."

"कुणाची हाक?" मी विचारलं. "माझी हाक धरलीत तर कंपालापर्यंत तोडत जावं लागेल."

लुयोम्ब्याने तोंडावर हात धरला. साहेबाला हसावं की नाही ते कळेना. "आजी, तुमची बाग कुंपणाला लागूनच आहे. तुम्ही तोडली तर गाव तोडील, असं डॉक्टर म्हणतात. भरपाई मिळेल."

"सेबो, तुमच्याकडे गाई राखतात ना?" मीही अदबीनेच विचारलं.

"आमच्याकडेही केळी आहेत."

"असतील, गाईंना सावली म्हणून. मला सांगा, माझ्या नातीच्या जुळ्याची भरपाई काय लावलीत?"

तो सुनेच्या मांडीवरच्या पोरीकडे बघू लागला. नासुना एकटीच होती. मग लुयोम्ब्याने त्याच्या कानात सांगितलं. बाळाबरोबर येणारी वार म्हणजे बाळाचं जुळं. ती केळीच्या बुंध्याशी पुरतात. त्या केळीचा घड बापाच्या आईने खायचा, दुसऱ्या कुणी नाही. तो खाल्ला जात नाही तोवर त्या बुंध्याला परक्याचा कोयता लागू द्यायचा नाही. नासुनाची केळ मागच्या दाराशी होती आणि तिने नुकताच घड धरला होता. फणीतली केळी अजून माझ्या बोटांहूनही बारीक.

साहेब शहाणा निघाला, तो विषय सोडून पुढे गेला. योजना सांगू लागला. नवीन थंड कपाट, काचेच्या बाटल्यांत वाढवलेली रोपं, पाण्याचा नळ, मजूर. पाच वर्षांची तरतूद झालेली.

"आणि सहाव्या वर्षी खुरपणार कोण?"

"तेव्हा पुढची योजना येईल."

"येईल की मागची आली तशी? तुमच्या त्या पाटीलाच खुरपं द्या मग, ती एकटीच कामावर हजर असते." मी उठून उभी राहिले. "सेबो, बाग बांधत नसतात, बाग राखतात. मी माझी तोडीन, माझ्या सासूने मला हात धरून दिलेली, आणि पाच वर्षांनी तुमची तणात मरेल. मग दोन्हीकडे मोकळं रान. नाही तोडत."

साहेब तापला. लुयोम्ब्या मात्र हसला, दमलेलं हसू. "न्याबो, हाच प्रश्न मी दर वर्षी वर पाठवतो. कुणी वाचत नाही. तुम्ही तोंडावर विचारलात म्हणून आज निदान ऐकला तरी गेला."

ते गेले तशी शेजारची तेझिरा पळत आली, हातात कणसं, तोंडभर कौतुक. "एसेझा, काय सुनावलंस ग! आता आपल्या एकीचीही केळ हलत नाही." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

पण पंधरवडा गेला असेल नसेल, तेझिरा माझ्याकडे यायची थांबली. मी कुंपणावरून हाक मारली की आतून ओरडायची, "पाहुण्यांची तयारी चाललीय!" तिच्या मुलीला मागायला मंडळी येणार होती खरी. पण तेझिरा तयारी करते आणि ती मला दाखवत नाही, हे कसं? मी सरळ तिच्या बागेत गेले.

मधल्या ओळीतली पानं लोळली होती. तिने पिवळी पानं तोडून मातीखाली झाकली होती, आणि चांगल्या खोडांवरचे घड घाईने उतरवायला काढले होते. त्याच कोयत्याने. एका खोडावरून दुसऱ्यावर.

"तेझिरा, कोयता खाली ठेव."

"पाहुणे येऊन जाईपर्यंत गप्प बस, एसेझा. व्याह्यांपुढे केळीऐवजी पानात काय वाढू मी? भात?"

"भात वाढ. लग्न मोडत नाही भाताने."

"तुझं काय जातंय! तुझी हिरवी आहे."

"तुझा कोयता आज कुठवर पोचला ते बघ, मग माझी किती दिवस हिरवी राहते ते सांग."

ती मटकन खाली बसली. तेझिराला मी चाळीस वर्षं ओळखते, दिराच्या मयतालाही ती इतकी रडली नव्हती. मी तिच्याजवळ बसले नाही. बसले असते तर उठले नसते. तशीच केंद्राच्या फाटकाशी गेले आणि लुयोम्ब्याला घेऊन आले.

तिची सगळी बाग खणून गाडली. बाई सुन्न होऊन बघत उभी. शेवटी लुयोम्ब्याने तिला हाताला धरून कुंपणाच्या आत नेलं, मीही मागोमाग. तण बाजूला करत तो एकेका बुंध्यापाशी थांबे आणि नाव घेई. वाफवायच्या जाती, भाजायच्या, दारूच्या. तेझिराच्या आईची एक बुटकी जात होती, त्या जातीचा घड आमच्या गावात आता कुणाकडेच उरला नव्हता. ती तिथे उभी होती. बारकी, तणाने गळा धरलेली, पण उभी.

"जमीन निर्मळ झाली की इथलाच मुनवा न्या," लुयोम्ब्या म्हणाला.

तेझिराने पदरासारखं अंगावरच्या गोमेसी झग्याचं टोक तोंडात घातलं. मग खाली वाकली आणि त्या बुटकीच्या बुंध्याचं तण हातानेच उपटू लागली. मी उभी राहून बघत होते. माझ्या डोक्यात एकच: मर आता माझ्या मागच्या दारापासून एका कुंपणावर आहे आणि ही बुटकी तारेच्या आत. मध्ये फक्त मी.

मी कटारीकावेला निरोप धाडला: सहाव्या वर्षाचं उत्तर तोंडी घेऊन ये, कागद नको.

तो आला. या वेळी बुटांना चिखल होता, त्यामुळे थोडा माणसात आल्यासारखा दिसला. पट्ट्यात येणाऱ्या सगळ्या घरांतल्या बायका माझ्या अंगणात जमल्या होत्या.

"मी दहा कायमचे मजूर मागितले," तो म्हणाला. "तीन मिळाले. योजनेतले नव्हेत, सरकारी नोकरीतले. योजना संपली तरी ते राहतील."

"तीन!" मागून कुणीतरी म्हणालं. "तिघांत तर चहासुद्धा होत नाही."

"आणखी एक. इथल्या प्रत्येक जातीचा मुनवा पश्चिमेच्या डोंगरावर दुसऱ्या बागेत लावायचा, याच पावसात. इथे काही झालं तरी तिथे जात जगेल."

"आणि बाकीचे सात मजूर?" मी विचारलं.

त्याला खोटं बोलता आलं असतं. "ते दर वर्षी मागावे लागतील. अंदाजपत्रकाच्या वेळी. हे एकदा मागून मिळणारं नाही, आजी. कायमचं देईन असं मी म्हटलं तर उद्या तुम्ही मला चपलेने माराल."

"आजच मारीन. कुठे मागायचं?"

"म्हणजे?"

"कुठल्या ओसरीवर बसायचं ते सांग. दर वर्षी आम्ही येऊ. तू तिथे नसलास तर तुझ्या खुर्चीत असेल त्याच्यापुढे बसू. मी मेले तर ही बसेल." मी तेझिराकडे बोट केलं. "हिला रडू चटकन येतं, हिचा उपयोग जास्त."

बायका हसल्या. तेझिराही नाक पुसत हसली. कटारीकावेने इमारतीचं नाव सांगितलं, मजला सांगितला, आणि सकाळी लवकर या म्हणाला, नंतर मोठे साहेब निसटतात. मला तो तिथे पहिल्यांदा आवडला.

"उद्या तोडू," मी म्हटलं.

घरात मात्र आग लागली. माझा मुलगा मुकीबी जेवता जेवता उठला. "आई, सगळी तोड. नासुनाची तेवढी ठेव. एका केळीने काय होतंय?"

"तेझिराच्या इथेही एकीनेच सुरू झालं."

"घड भरेपर्यंत तरी! लुयोम्ब्या थांबेल, मी बोलतो त्याच्याशी."

"लुयोम्ब्या थांबेल रे. माशी थांबेल का?" नासुनाच्या केळीचं फूल उघडलं होतं. सकाळी मी तिथे माश्या घोंगावताना पाहिल्या होत्या. बेचक्याच्या काठीने ते फूल मीच मोडून टाकलं होतं. पण तेझिरानेही कधीकाळी मोडलंच असेल. "मी माझी राखली तर उद्या प्रत्येकीच्या मागच्या दाराशी एकेक जुळं निघेल. मग पट्टा कसला नि काय कसलं!"

लोसिरा पुढे आली. माझी सून गरीब गाय नाही, मीच निवडून आणलेली आहे. पोरीला छातीशी धरून ती म्हणाली, "आई, घड न खाता केळ पाडली आणि हिला काही झालं, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? साहेबाच्या?"

हे हसून उडवण्यासारखं नव्हतं. मी तिच्या जागी असते तर कोयता घेऊन दारात बसले असते.

सकाळी मी मागच्या दाराशी गेले. घड हातात धरून पाहिला. लाकडासारखी केळीची बोटं, आत गर म्हणावा असा नाहीच. सासूने मला जे सांगितलं होतं ते आठवून आठवून पाहिलं. बापाच्या आईने खायचा. परक्याने नाही. कोयता घरच्याचा. घड भरलेला हवा असं ती कुठेच म्हणाली नव्हती. म्हणायची गरजच कुणाला पडली नव्हती.

"लोसिरा, चूल पेटव."

"आई, तो कच्चा आहे."

"आपण पिकलेलं कधी वाफवतो? अंगणात हातरी टाक, पानं आण. मुकीबी, घड तू उतरव, तू तिचा बाप आहेस."

त्याने उतरवला. चीक त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. सोलायला बसले तर सालीतच सगळं गेलं. बोटागणिक करंगळीएवढं काही हाती येई. पानांत बांधून वाफवलं, पानांसकट दाबलं. लोसिराने शेंगदाण्याचं कालवण केलं, नेहमीपेक्षा घट्ट, आणि गुडघे टेकून माझ्यापुढे ठेवलं. कुंपणाबाहेर बायका कोयते घेऊन उभ्या होत्या, लुयोम्ब्या होता, त्याच्या मुली होत्या. कुणी आत आलं नाही. हे घरचं जेवण होतं.

पहिला घास टाळ्याला खडूसारखा चिकटला. तुरट, तोंड आवळून टाकणारा. कालवणाने तो जाईना, पाण्याने जाईना. लोसिरा माझ्या घशाकडे बघत होती, उतरतोय का ते. मी उतरवला. दुसरा घेतला. मुकीबी म्हणाला, "आई, थोडं खाल्लंस तरी चालेल." मी पुढचा घास घेतला. थोडं चालत असतं तर साहेबाची पाच वर्षंही मला चालली असती. पान निपटून पुसून खाल्लं.

मग नासुनाला मांडीवर घेतलं. तिने माझ्या चिकट बोटांना धरलं आणि सोडेना. लोसिराने डोळे पुसले, उठली, आणि खुंटीवरचा कोयता काढून स्वतःच चुलीत धरला, पातं लाल होईतो. एका बुंध्यावरून दुसऱ्यावर जाताना तो जाळावरून फिरवायचा, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

"पहिली कुठली?" तिने विचारलं.

"पहिली हिचीच," मी म्हटलं. "बाकीच्या मग, कुंपणापासून."