टबाचं ठिगळ

धाकट्या जावेचं बाळ आज दवाखान्यातून घरी येणार होतं आणि नेमका टबाला तडा गेलेला.

थोरलीचं बादल्या-खुर्च्या सांधायचं दुकान होतं. तरी फोनवर तीच म्हणाली, "नवा आणू या."

"नको ताई," धाकटी म्हणाली. "घरातली सगळी पोरं त्यातच न्हालीत. हिला इतके दिवस प्लॅस्टिकच्या पेटीत बघितलंय. हात लावायचा तोही भोकातून. आता सगळ्यांसारखं होऊ दे."

थोरलीने सळई तापवली. टब निळा, तर ठिगळही निळंच हवं म्हणून जुन्या पाइपाचा तुकडा वितळवून बसवला. दिसायला झकास. पाणी ओतलं आणि ठिगळ खपलीसारखं हातात आलं.

"गिऱ्हाइकांना बरं शहाणपण शिकवतेस," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या.

खरंच होतं. पाइप पीव्हीसीचा, टब पॉलिथिनचा. कितीही तापवा, दोघं एकजीव होत नाहीत. दुकानात ती आधी तुकडा पाण्यात टाकून बघायची. पॉलिथिन तरंगतं, पीव्हीसी तळ गाठतं. आज मायेच्या भरात रंगावर भाळली.

भंगाराची गोणी उपसली. पॉलिथिन होतं, पण सगळं तेलकट, उग्र वासाचं. ते बाळाच्या अंगाला लावायचं?

सासूबाई उठल्या आणि न्हाणीघरातून आपला नारिंगी तांब्या घेऊन आल्या. प्लॅस्टिकचा, कड झिजलेला. तो टाकून द्या म्हणता म्हणता दोन्ही सुनांनी हात टेकले होते.

थोरलीने कडेची चकती काढून पाण्यात टाकली. तरंगली.

"आई, कापावा लागेल."

"नाहीतर काय त्यात फुलं लावणार होते मी? काप."

संध्याकाळी धाकटीने बाळाला दोन्ही हातांनी टबात उतरवलं. निळ्यात नारिंगी ठिगळ दुरूनही डोळ्यांत भरत होतं. थोरली वाकून टबाखालची फरशी चाचपत होती. कोरडी होती.

"तांब्या द्या गं," सासूबाई म्हणाल्या.

दोघी सुना एकमेकींकडे बघत राहिल्या.

सासूबाईंच्याही लक्षात आलं. "बरं, राहू दे," म्हणत त्यांनी पदर खोचला आणि ओंजळीने पाणी घालायला सुरुवात केली.