नऊची रक्षा

"तिथल्या कंट्रोलरला सांग की, मागनं गाडी येतीया म्हणावं. पाच मिनिटं थांबवा," गणपतराव फोनमध्ये ओरडून म्हणाले.

"आबा, विमान थांबत न्हाई. आन् ते गेलंय. दीड तास झाला जाऊन." पलीकडून स्वप्नालीचा आवाज आला, रडून रडून बसलेला.

घरात जमलेल्या भावकीनं एकमेकांकडं पाहिलं. गणपतराव चौगुले एसटीत एकतीस वर्षं कंट्रोलर होते, आणि या माणसानं उभ्या नोकरीत कुणासाठी गाडी एक मिनिट रोखली नव्हती. आमदाराचा माणूस असो नाहीतर सख्खा मेहुणा, काटा वेळेवर आला की गाडी सुटली. त्यांच्या तोंडून 'थांबवा' हा शब्द लोक पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तोही विमानाला.

सोमवारी पहाटे त्यांच्या बायकोनं, तानाबाईंनी, झोपेतच डोळे मिटले. दुपारी अग्नी दिला. एकुलती एक लेक स्वप्नाली आयर्लंडला नर्स. निदान तिसऱ्या दिवशीच्या रक्षेला तरी आईपाशी पोचावं म्हणून मिळेल ते तिकीट काढून निघाली. रक्षाविसर्जन बुधवारी सकाळी नऊला. तसं पेपरात छापूनही आलं होतं, आणि कोल्हापुरात पेपरात छापलेली रक्षेची वेळ म्हणजे लग्नाच्या मुहूर्तापेक्षा पक्की. पण तिकडं वादळ झालं, पहिलं विमान चार तास उशिरा उडालं आणि आखातातल्या विमानतळावर तिचं मुंबईचं विमान चुकलं. पुढच्या विमानात जागा होती ती बुधवारची. म्हणजे कोल्हापूर गाठेपर्यंत गुरुवार उजाडणार होता.

गणपतराव खाली बसले. त्यांना दुसरंच काहीतरी दिसत होतं, पस्तीस वर्षांपूर्वीचं गारगोटी स्टँड. तानाबाईंचा बाप कडगावला अखेरचे श्वास मोजत होता. लहानग्या स्वप्नालीला कडेवर घेऊन त्या पळत येताना गणपतरावांना केबिनच्या जाळीतून स्पष्ट दिसल्या होत्या. "अवो, दोन मिनिटं थांबवा की," एवढंच त्या म्हणाल्या. काटा पुढं गेला होता. गणपतरावांनी गाडी सोडली. पुढची गाडी तीन तासांनी. बापाच्या तोंडात पाणी घालायला लेक पोचली नाही. तानाबाईंनी त्यावरून कधी चकार शब्द काढला नाही, आणि हेच गणपतरावांना जन्मभर सलत राहिलं.

ते उठले. देवळीतली पेन्सिल घेतली, समोरच्या जुन्या लग्नपत्रिकेची पाठ पुढ्यात ओढली आणि फोन कानाला लावला.

"रडू नगंस. तिथं बोर्ड असंल न्हवं? वाच. इंडियाकडं कुठं कुठं जात्यात?"

"दिल्ली हाय. कोची, हैदराबाद, चेन्नई, गोवा…"

"थांब. गोवा कवा उतरतंय?"

"पहाटे साडेचारला. पण आबा, माझं तिकीट मुंबईचं हाय."

"मुंबईत आपलं काय काम हाय? तुला कोल्हापूरला यायचंय न्हवं? सरळ गाडी नसंल तर टप्पं फोडून जायाचं. बांदा, सावंतवाडी, आंबोली, आजरा, गडहिंग्लज. चार तासाचा रस्ता हाय पोरी. जा, बदलून माग त्यास्नी."

चाळीस मिनिटांनी फोन आला. तिकीट बदलून मिळालं होतं.

"काउंटरवरची बाई फिलिपाईन्सची हाय आबा. पहिल्यांदा न्हाईच म्हणाली. आई गेली म्हणून सांगितलं, तर खुर्चीतनं उठली आन् आत जाऊन सायबाशी भांडून आली. तिची आई गेली तवा तिलाबी जाता आलं न्हवतं."

कुठलं फिलिपाईन्स, कुठले चौगुले. ना ओळख ना देख, आणि ती बाई तानाबाईंसाठी भांडली होती.

पुतणी निशिगंधा बँकेत नोकरीला. तिनं मोबाईल त्यांच्यापुढं धरला. "काका, स्वप्नालीताईचं विमान उडालं की ह्यात दिसतंय बघा." पडद्यावर जगाचा नकाशा होता आणि त्यावर पिवळी इवली विमानं, गूळ सांडल्यावर मुंग्या लागाव्यात तशी.

"एवढी?"

"ही आत्ता ह्या घटकेला वर हायत तेवढीच."

गणपतरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला. स्टँडवर चाळीस गाड्या एकदम लागल्या तर ते सगळ्या ड्रायव्हरांचा उद्धार करायचे. आणि इथं ही हजारो, माणसांनी भरलेली, ढगातून निमूट चाललेली. प्रत्येकात कुणाची तरी लेक असणार.

"ह्यांच्याकडं बघतंय कोण?"

"खाली माणसं बसलेली असत्यात काका. त्यास्नीबी कंट्रोलरच म्हणत्यात."

म्हाताऱ्यानं त्या मोबाईलला दोन्ही हात जोडले. कुणी हसलं नाही.

बुधवारी सकाळी पंचगंगेच्या घाटावर दीडशे-दोनशे माणूस जमलं होतं. तानाबाईंची रक्षा निवून पांढरी झाली होती. नऊला पाच कमी असताना स्वप्नालीचा फोन आला, आंबोलीत धुक्यानं खोळंबा झाला, आत्ता कुठं कागल दिसतंय.

भावकीतले थोरले केरबाअण्णा जवळ आले. "गणपा, वाजले नऊ. पेपरात नऊ छापलंय. लोकांस्नी कामंधामं हायती. भडजी खोळंबल्यात."

गणपतराव पुढं झाले. एके काळी स्टँडच्या मायक्रोफोनवर गरजणारा त्यांचा आवाज आज खाली आला होता. "मंडळी, गाडी कागलला आलीया. माझी पोरगी हाय तीत. मी कुणासाठी थांबलो न्हाई, हे तुमास्नी ठावं हाय. तुमी थांबाल काय?"

कुणाला ऑफिस होतं, कुणाची म्हैस धारेची खोळंबली होती. मग मागून एक रिटायर ड्रायव्हर म्हणाला, "कंट्रोलर, तुमी सोडल्याबिगर आमी कवा गेलतो?" आणि तो खाली पायरीवर मांडी घालून बसला. त्याच्या शेजारी दुसरा बसला. बघता बघता सगळा घाट बसला. ज्यांच्या तोंडावर त्यांनी गाड्या सोडल्या होत्या, अशीही माणसं त्यात किती तरी होती. गणपतराव एकेका चेहऱ्याकडं बघत राहिले. माणसं अशी थांबतात, हे त्यांना अडुसष्टाव्या वर्षी कळत होतं.

टॅक्सी आली. विस्कटलेले केस, खांद्याला लटकलेली पिशवी, स्वप्नाली घाटाच्या पायऱ्यांवरून पळत आली, थेट तानाबाईंसारखी. बापापुढं येऊन थांबली. दम लागलेला.

"आबा, उशीर झाला न्हवं?"

गणपतरावांनी सवयीनं मनगट वळवलं. नऊ वाजून अडतीस मिनिटं. त्यांनी घड्याळ मनगटावरून काढलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"न्हाई. येळेवर हाईस."

मग त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि लेकीच्या हातात दिला. तानाबाईंच्या रक्षेवर पहिलं पाणी तिच्या हातचं पडलं.