दारात मयत आणि चुलीवर चहा

मालिका आपटली आणि खापर फुटलं लेखिकेच्या डोक्यावर. दुसऱ्या कुणाच्या फुटणार म्हणा!

गोष्ट खुनाची होती आणि ती हिर्डोशीच्या अश्विनीनं लिहिली होती. जाहिरात झळकली तेव्हा भोरपासून पुण्यापर्यंत लोक म्हणाले, आता मजा येणार. पण पहिला भाग संपायच्या आतच निम्म्यांनी मालिका सोडली. दिग्दर्शक गोरख मूळचा वेल्ह्याचा, पण वीस वर्षं शहरात मुरलेला. त्यानं सरळ फोन केला, "दुसऱ्या सीझनला दुसरा लेखक घेतोय. तुझ्या लिखाणात पकड नाही."

अश्विनी रडली-बिडली नाही. आपली गोष्ट खणखणीत आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती म्हणाली, "काढा की, सर. पण एकदा आमच्या गावात, आमच्या बायांत बसून पहिला भाग बघा. मग खुशाल काढा."

आला बिचारा. भैरवनाथाच्या सभामंडपाला ताडपत्र्या लावून भर दुपारी टीव्ही सुरू झाला. पाच मिनिटं झाली नाहीत तोच मेंढरांमागं उन्हातान्हात हिंडणारी कमळाबाई ओरडली, "आरं, त्या टीव्हीत कुणीतरी दिवा लावा! माजंच त्वांड दिसतंया त्यात."

"मावशी, डार्क मालिका आहे ती," गोरख म्हणाला.

"व्हय, त्ये कळलं. बाकी काय दिसंना!"

मंडप खदाखदा हसला. गोरखनं अपमान गिळला.

मग ते दृश्य आलं. शेतकऱ्याचा मुडदा अंगणात, फौजदार घरात, आणि विधवा फुंकणीनं चूल फुंकून चहाचं आधण ठेवतेय. धूर मात्र काय सुरेख टिपला होता!

"थांबवा!" अश्विनीची चुलती साळूबाई उठून उभीच राहिली. "हिनंच मारला नवऱ्याला."

"कशावरून?" गोरख हसला.

"चूल पेटीवली की भवानीनं! दारात मयत, आन् ही च्या उकळती?"

"तर काय!" सगळ्या बाया एका सुरात म्हणाल्या.

"अहो, ती खुनी नाही. आठव्या भागात कळतं, नवऱ्याच्या चुलतभावानं मारलं."

"मग येडं समजता व्हय आमाला?" साळूबाई कडाडली. "चूल दावायची तिची आन् खुनी काढायचा दुसराच!"

गोरखचा चेहरा उतरला. साताऱ्यापासून नगरपर्यंत लोकांनी हेच तर कळवलं होतं, बायको खुनी आहे, समजलं, बंद केलं. तो त्यांनाच अडाणी समजत बसला होता.

तो अश्विनीकडं वळला. "तू लिहिलंस कशाला असलं?"

"मी नाही लिहिलं. धूर छान दिसतो म्हणून तुम्ही पेटवलीत ती. माझ्या गोष्टीत चूल विझलेली होती."

"मग काय होतं तुज्या गोष्टीत?" साळूबाईनं विचारलं.

अश्विनीनं टीव्ही बंद केला आणि सांगायला लागली. "सकाळी दहाच्या सुमाराला मुडदा सापडला. रडारड झाली. शेजारपाजारच्या बाया मयताच्या घरी कडू घास द्यायचा म्हणून आपापल्या घरी पीठ मळायला बसल्या. तेवढ्यात शेजारच्या चुलतभावाची बायको टोपली घेऊन हजर. सगळ्यांच्या आधी. लोक म्हणाले, भाऊबंद असावेत तर असे. मयताच्या म्हाताऱ्या आईनं टोपलीत हात घातला. बारा भाकऱ्या होत्या. आणि सगळ्या गार."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.

"शिळ्या आसतील," कमळाबाई दबक्या आवाजात म्हणाली.

"त्या चुलतभावाच्या घरात माणसं दोन. बारा शिळ्या उरतात?"

"आगं बया!" साळूबाईनं तोंडाला पदर लावला. "म्हंजी मयताची खबर यायच्या आदीच भाजल्या व्हत्या!"

गोरख ताडकन उठला. "हे का नाही आलं मालिकेत?"

"होतं की. भाकरीत कसलं थ्रिल, म्हणून तुम्हीच कापलंत."

गोरखनं कान पकडले. मग म्हणाला, "चुकलं माझं. दुसरा सीझन तूच लिही."

"लिहीन. पण माझ्या गोष्टीत परत कुणी चूल पेटवायची नाही."

"नाही पेटवणार. शब्द."

एवढ्यात जेवणं आली. नाचणीची भाकरी, पिठलं, कांदा. साळूबाईनं पहिलं ताट गोरखपुढं ठेवलं. त्यानं हात पुढं केला, पण घास मोडला नाही. आधी भाकरीवर तळहात ठेवून बघितला.

मंडप हसून हसून लोळला.

"गरम हाय, जेवा," साळूबाई म्हणाली. "अजून कुणी मेलं न्हाई."